एक आड एक

"ओढा!" खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली. दहावीच्या अकरा मुलींनी दोर ओढला आणि टाकीतून, छातीभोवती दोर बांधलेले शिपाईकाका हातभर वर आले. पुढची पकड घ्यायला सगळ्या मुठी एकदम सैल झाल्या, की काका परत हातभर खाली! तीनदा झालं हे. शाळेची टाकी धुताना शिडी तुटून काकांचा पाय मोडला होता. त्यात टाकीत येणारं पाणी काही केल्या बंद होईना, आणि काकांना पोहण्याचा गंधही नव्हता.

"शिस्त हवी, शिस्त! सगळ्या एकदम!" सर ओरडले.

"एकदम नाही, सर." विज्ञानाच्या बाई मध्ये घुसल्या. एवढीशी मूर्ती, पण आवाज कसा खणखणीत! "मुलींनो, आत्ता वर्गात काय चाललं होतं? स्नायू आखडतो कसा?"

"मायोसिनच्या धाग्याला बारीक बारीक डोकी असतात," सगळ्यात पुढची घडाघडा म्हणाली. "ती शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, परत पुढे धरतात."

"सगळी एकदम सोडतात?"

"छे! काही सोडतात तेव्हा बाकीची धरून असतात. नाहीतर धागा मागे..."

"मग बघताय काय? एक आड एक! शेजारणीचा हात सुटला की आपला हलवायचा नाही. आणि सर, ती शिट्टी खिशात."

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माणूस समंजस. शिट्टी खिशात टाकून मुकाट्याने दोराला लागले.

दिसायला सगळा गबाळा कारभार. कुणाचा हात पुढे, कुणाचा मागे, कशाला काही ताळमेळ नाही. पण दोर मागे गेला नाही. वीत वीत करत आधी काकांचं टक्कल दिसलं, मग खांदे. सरांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर घेतलं. काका नखशिखांत भिजलेले, कण्हत होते आणि हसतही होते.

"सोडा गं बायांनो आता, छाती आवळतेय!"

दोर ताणलेलाच. मुली आपल्याच मुठींकडे बघत राहिल्या. बोटं उघडतच नव्हती. एकीला तर रडू फुटलं.

बाई तिच्याजवळ बसल्या आणि तिचं एकेक बोट उलगडू लागल्या.

"जरा दम धरा, काका," त्या म्हणाल्या. "स्नायूला सोडायलाही ताकद लागते. पोरींनी ती सगळी तुमच्यावर खर्च केलीय."