फरशीवाल्याची पाठ

फरशी बसवणाऱ्याची पाठ दुखणारच, असं घरात सगळे धरून चालले होते. बायको चोळून द्यायची, आई शेकून द्यायची. गोळीला मात्र तो हात लावायचा नाही. "आमचे वडील गेले तेही गोळीशिवाय," असं वर छाती फुगवून सांगायचा.

आज अर्ध्या बसवलेल्या फरशीवर त्याला रक्ताची उलटी झाली.

"दुखणं पाठीचं नाहीच," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात अल्सर आहे, त्याची कळ पाठीत जाते. आता त्यातून रक्त वाहतंय. दुखण्यावरच्या गोळ्या किती घेता? त्यांनीच तो असा चिघळतो."

"एकही नाही, मॅडम. शपथ." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग मला दुसरं कारण शोधावं लागेल. आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही."

बायकोने खाटेचा दांडा घट्ट धरला. "मी देते," ती म्हणाली. "सकाळच्या चहातून, कुटून. यांना न सांगता. यांचं कळवळणं बघवत नव्हतं हो."

"रोज किती?"

"एकच. खरंच एकच."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रिपोर्टकडे बघितलं. "एका गोळीने एवढं होईल असं वाटत नाही."

दाराशी उभी असलेली त्याची आई सुनेकडे वळली.



"अगं, मग मला सांगायचं नाही का? मी रात्री दुधातून दोन-दोन देत होते!"