चालू होताच बंद

उकंडरावांनी कॉम्प्युटर पुन्हा शेषरावच्या दुकानात आणून ठेवला. "चालू झाला का लगेच बंद पडते, भाऊ. रेणुका होती तवा बराबर चालत होता."

रेणुका त्यांची एकुलती मुलगी. जळगाव जामोदला कॉम्प्युटर क्लासला जायची, शेषरावच्या दुकानातून सीडी न्यायची. दिवाळीनंतर तापाने गेली.

शेषरावने पंखा साफ केला, रॅम पुसून बसवली, पॉवर सप्लायही बदलला. दुकानात कॉम्प्युटर दुपारभर छान चालला. घरी नेला की पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "मीच घरी येऊन पाहतो."

तो गेला तेव्हा उकंडराव वावरात होते. ओसरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला, "माय, मी आली वं! चहा मांड!"

शेषरावच्या अंगावर काटा आला. आवाज रेणुकाचा होता.

आत कॉम्प्युटरसमोर तिची आई, गोजरबाई, एकटीच बसली होती. कॉम्प्युटर सुरू होताना वाजते त्या धुनेच्या जागी पोरीने गमतीत आपला आवाज भरून ठेवला होता. दुकानात स्पीकर जोडलेच नव्हते, म्हणून शेषरावला तो कधी ऐकू आला नव्हता.

त्याच्या डोळ्यांदेखत गोजरबाईंनी हात लांबवून बटण बंद केलं.

"काकू, तुमीच बंद करता? काऊन?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.



"बंद केल्याबिगर पुन्हा घरी कशी येईल ते, भाऊ?"