प्रभुभोजनाची वही

"पाहा साहेब, एकोणीस वर्षांच्या वह्या." शांतवनभाऊंनी गठ्ठा फौजदार गुणवंतरावांपुढे ठेवला. "महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चात आमचं प्रभुभोजन, भाकर अन् द्राक्षरसाचा प्याला. ज्यानं प्याला घेतला त्याच्या नावापुढं खूण. आमच्या मार्थापुढं पाहा. कोरं!"

मार्थाबाई त्यांची धाकटी बहीण. १९८० साली पिंपळटोल्याच्या मिशन दवाखान्यात तिचा नवरा, कंपाउंडर येशुदास, औषधांच्या कोठीत मारला गेला. दवाखान्याचा ड्रायव्हर अयूब याला कोठीतून पळताना आपण पाहिलं, असा जबाब शांतवनभाऊंचा. आपण त्या वेळी मार्थाबाईंच्या घरी धानाचं पोतं उतरवत होतो, असा अयूबचा. मार्थाबाईंचा जबाब एका ओळीचा होता : मला आठवत नाही.

अयूब पुराव्याअभावी सुटला. गावाने मात्र त्याला सोडलं नाही. यंदा त्याच्या लेकीचं, अंजुमचं दुसरं स्थळ त्याच बोलण्यावरून मोडलं, तेव्हा त्यानेच अर्ज करून फाइल उघडायला लावली.

"मनात राग असला, नाई तं कोनाचं वाईट केलं असलं, का ते मिटवल्याबिगर प्याला घेता येत नाई, साहेब," शांतवनभाऊ म्हणाले. " तिनं अयूबले माफ केलं नाई. आनखी कोनता पुरावा पाह्यजे तुमाले?"

"बाईंनी सांगितलं तसं?"

"सांगाले कायले पाह्यजे? साऱ्या गावाले ठावं हाय."

गुणवंतरावांना कोणी वही दिली की ते पहिल्या पानापासून वाचत. दोन दिवस वाचली. पान कोरं नव्हतं. मार्थाबाईंच्या नावापुढे सहा खुणा होत्या. चर्चचे जुने पाळक मोठे नेटके. भाकर कोणी दिली, प्याला कोणी दिला, हेही तळाशी लिहून ठेवत. गुणवंतरावांनी ती सहा पानं शेजारी शेजारी मांडली. एकदा शांतवनभाऊ पाय मोडून अंथरुणावर होते. एकदा वडशाला लेकीकडे. सहाही वेळा प्याला दुसऱ्याच्या हातात होता. उरलेल्या सगळ्या पानांवर नाव एकच : शांतवन.

पहिल्या रविवारी गुणवंतराव चर्चमध्ये गेले. अयूबला बोलावून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं. शांतवनभाऊ प्याला उचलायला निघाले, तसं गुणवंतराव म्हणाले, "भाऊ, आज तो दुसऱ्या कोणाले द्या. तुमी माझ्यापाशी बसा."

"काऊन?"

"बसा तर खरं."

शांतवनभाऊ बसले.

मार्थाबाई उठल्या. मेजापाशी कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं. मग भावाकडे पाहिलं, आणि त्याच्या शेजारच्या खाकी कपड्यांकडे. रांगेतून पुढे गेल्या. प्याला दोन्ही हातांत घेतला, ओठांपर्यंत नेला आणि वळून दाराकडे पाहिलं.

प्याला त्यांनी तसाच परत दिला.

बायका कुजबुजल्या. शांतवनभाऊ फौजदारांच्या कानाशी लागले, "पाह्यलं? अयूब दिसला अन् ठेवला प्याला. म्या म्हनलं नव्हतं?"

मार्थाबाई बाकांच्या मधून चालत आल्या. भावाच्या बाकापाशी थांबल्या नाहीत. शेवटच्या बाकापाशी थांबल्या. अयूब गडबडून उभा राहिला. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अयूबभाऊ, पोतं तुमीच उतरवलं होतं. मले आठवते."