उसनं रक्त

बाताझारी दवाखान्यात शिरला आणि रस्त्यापलीकडच्या निलगिरीखाली ओनेस्मो मटकन खाली बसला. आत गेलेल्या थोरल्या भावाच्या हातात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर नाव ओनेस्मोचं होतं.

तेवीस दिवस झाले होते. माकाम्बाकोला लाकडाचा ट्रक रिकामा करून तो एका खानावळीत मुक्कामाला थांबला. तिथे बियर देणारी बाई हसली आणि याने अक्कल गहाण ठेवली. तिचं नावसुद्धा विचारलं नाही. निरोधाची आठवण झाली ती सकाळी, दात घासताना. तेव्हापासून हा माणूस जिवंतपणी मेला होता. ट्रकच्या आरशात जीभ बघायची, मानेखाली गाठी चाचपायच्या, साधी शिंक आली तरी कपाळाला हात लावून बघायचा. स्कोलास्टिका समोर आली की त्याचे डोळे भरून यायचे, आणि त्या बिचारीला वाटायचं, गडी लग्नाच्या आनंदाने हळवा झालाय.

लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. पण वधूवरांच्या एचआयव्ही तपासणीचे कागद हातात पडल्याशिवाय फादर चर्चमध्ये लग्नासाठी नावं पुकारत नसत. स्कोलास्टिकाने आपला कागद कधीच नेऊन दिला होता. ओनेस्मोचं मात्र आज नाही उद्या चाललं होतं. सुईला तो भीत नव्हता. सुईनंतर जे कळेल त्याला भीत होता.

शेवटी त्याने भावाचे पाय धरले, माझ्या नावावर तू तुझं रक्त दे म्हणून. बाताझारी जेनेरोसाचा नवरा, चार मुलांचा बाप, चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण देणारा. बांबूची ताजी दारू पिऊन सगळं गाव झिंगायचं त्या दिवसांतही हा आपला चहा पीत बसायचा. धुतल्या तांदळासारखा माणूस. ऐकल्याबरोबर तो भडकला, आठवडाभर बोलला नाही. पण मग एका दुपारी धाकटा गोठ्यात गोचिडांच्या औषधाची बाटली घेऊन बसलेला दिसला, आणि त्याच्या काळजात चर्र झालं. तो तयार झाला, पण त्याने अट घातली. तीन महिन्यांनी ओनेस्मोने स्वतःची खरी तपासणी करायची, आणि तोवर लग्न झालं तरी नवरीला हात लावायचा नाही. गावच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून दोघे बसने इथे न्जोम्बेला आले. आत जाताना बाताझारी थट्टेने म्हणालासुद्धा, "माझ्या रक्तात साखरेशिवाय काय सापडायचंय?"

अर्धा तास झाला. तासही उलटला. लबाडी पकडली गेली अशी ओनेस्मोची खात्री पटत चालली. आता फादरला कळणार, स्कोलास्टिकाला कळणार, गावभर होणार. त्यापेक्षा ती बाटली बरी होती.

बाताझारी बाहेर आला. रस्ता ओलांडताना त्याने बाजूने येणाऱ्या मोटारसायकलकडे बघितलंही नाही. तो येऊन शेजारी बसला.

"दादा, खरं सांगून टाकलंस का?"

बाताझारीने नकारार्थी मान हलवली. शेवटपर्यंत त्याने स्वतःचं नाव ओनेस्मोच सांगितलं होतं.

"मग कागद दे ना."

कागद त्याने दिला नाही. नर्स फार मायाळू होती, एवढंच म्हणाला. तिने दोनदा तपासलं, प्यायला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"पाठीवरून हात कशाला?" ओनेस्मोने विचारलं आणि विचारतानाच त्याला उमगलं. इतके दिवस उशाशी घेतलेली भीती आपली नव्हतीच, असं क्षणभर त्याला वाटलं, आणि ते वाटल्याची त्याला शिसारी आली. त्याने भावाचा हात धरला.

"गोळ्या वेळेवर घेतल्यास तर म्हातारा होशील, म्हणाली," बाताझारी सावकाश बोलला. "आणि म्हणाली, देवाचे आभार मान बाबा, लग्नाआधी कळलं. मी हो म्हणालो. काय सांगणार होतो तिला, ओनेस्मो? जेनेरोसा माझ्या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली."