गाऱ्हाणं

पूर्वपरीक्षेचा पेपर शीतल टीचरने गौरवीपुढे टाकला. "हे काय! बरोबर उत्तर काढतेस आणि मग त्यावर काट मारून भलतंच लिहितेस. हीच गणितं फळ्यावर तू धडाधड सोडवलीस ना? आता मी डोकं कुठे आपटू?"

"मला गणित येतच नाही, टीचर," गौरवी म्हणाली.

"तुला गणित येत नाही, असं सांगितलं तरी कुणी?"

"पेपरच्या आदल्या दिवशी पप्पांनी देवळात नारळ ठेवला, टीचर. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक, गौरवीक, गणित कायच येना. तेका सांभाळून घे, पास कर!'"

टीचर वैतागली. "अगं, परीक्षा आली की सगळेच घालतात गाऱ्हाणं. देवाने थोडंच सांगितलं तुला गणित येत नाही म्हणून?"

"देव काहीच बोलला नाही, टीचर. पण जमलेली सगळी माणसं एका सुरात ओरडली, 'व्हय म्हाराजा!'"

गौरवीने खोडलेल्या उत्तरावरून बोट फिरवलं.

"सगळ्यात मोठा आवाज आईचा होता."