देवाची खेप

"गाडी कोनतीबी ले हितू, पन पह्यली खेप देवनी. मंग तुनी."

वडिलांचे, कौतिकनानांचे, हे शब्द हितेंद्रला आज सकाळपासून तिसऱ्यांदा आठवले. नानांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले. मालकानं नवा ट्रक आणला की पहिला माल देवळाचा, तोही विनाभाडं, हा त्यांचा नेम. नानांना जाऊन तीन वर्षं झाली, पण गाडी पुसायला फडकं हातात घेतलं की त्यांचा आवाज यायचाच.

फडकं त्यानं पुन्हा पिळलं. गेल्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, घेतलेली चार दारांची, उंच पिकअप धुळ्याच्या त्या कॉलनीत दुसरी नव्हती. हौद्यावर घट्ट कव्हर, आत कंपनीचे स्टिकरही तसेच. वर्षभरात त्या हौद्यात चढलं होतं ते एक बॅडमिंटनचं किट आणि बायकोच्या, वृषालीच्या, दोन कुंड्या. त्याही मांडीवर घ्यायच्या की काय, असा त्यानं आधी विचार केला होता.

"हितेंद्रभाऊ," समोरच्या किराणा दुकानातून शांतीलालशेठ ओरडले, "एवढ्या हौद्यात वाहता काय? हवा? माझ्या स्कूटरनं याच्यापेक्षा जास्त साखर ओढली!"

"गावाकडे लागते शेठ," तो नेहमीचं बोलला. आज ते त्यालाच पोकळ लागलं.

कारण गाव घरात येऊन बसलं होतं. साक्रीकडच्या त्यांच्या गावाहून पार्वताअक्का सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. भावकीतल्या, आईच्या वयाच्या. परवा देवीच्या देवळाला काळ्या दगडाच्या चार पायऱ्या बसवायच्या होत्या. पायऱ्या साक्रीत घडवून तयार, गावातले सगळे ट्रॅक्टर कांद्यात अडकलेले. अक्कांनी आल्या आल्या विचारलं होतं, "तुनी गाडी येई का रे भाऊ?" आणि त्यानं नजर चुकवून म्हटलं होतं, "बघतो."

तो घरात गेला. बसला, उठला, पंखा वाढवला, पुन्हा बसला. आई, धुरपदाबाई, देवघरात पाठमोऱ्या बसून जप करत होत्या. वृषाली अक्कांनी आणलेले मांडे ताटात काढत होती. पुरणाचा वास घरभर झाला होता.

"अक्का, मी असं करतो," तो घाईघाईनं म्हणाला, "साक्रीतून भाड्याची गाडी लावून देतो. फोनवर काम होईल. या गाडीचा रंग नाजूक आहे हो. दगड चढवला की खरवडलाच."

"ओझानी गाडी ना ती?" अक्कांनी विचारलं.

"ओझ्याचीच. एक टन सहज ओढते."

"मंग?"

वृषालीनं आईंसाठी ताट वाढायला घेतलं तसा तो तिच्यावर घसरला, "आईला मांडा नको! किती वेळा सांगायचं, शुगर आहे तिला."

शुगर आहे असं आईनंच सांगितल्यापासून वर्षभर तो तिचं पथ्य सांभाळत होता. ती चहा बिनसाखरेचा घ्यायची. या आखाजीला आमरसाची वाटीही तिनं हलकेच सरकवून दिली होती. दर महिन्याला तो तिच्या बोटाला सुई टोचायचा, आकडा अगदी व्यवस्थित यायचा, आणि तो अभिमानानं म्हणायचा, "बघ, पथ्याचा गुण!" आई नुसती हसायची.

अक्कांनी देवघराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"तुनी मायले शुगर-बिगर काही नई शे. गाडीनी पूजा झाई त्या दिनपाईन तिनं गोड सोडं. पह्यली खेप देवले पोचस तोवर तोंड गोड नई करनार, आसं देवीले बोलनी ती. माले तेवढं सांगं, तुले सांगू दिनं नई."

"मला का नाही?" त्यानं विचारलं.

"सांगितलं की तो धाक व्हस, म्हने. आनि धाकनी खेप देवले चालस नई."

वृषालीनं मांडा हळूच पुन्हा फडक्यात गुंडाळला. अक्का पदर सावरत म्हणाल्या, "भाडानी गाडी लाव भाऊ, लाव. पायऱ्या पोचतीन. तिनं तोंड काही गोड व्हनार नई."

हितेंद्र खिडकीपाशी गेला. खाली गाडी उन्हात चकाकत होती. शांतीलालशेठ दोन पोती स्कूटरवर एकावर एक बांधत होते. वर्षभरात बारा-तेरा वेळा टोचलेलं ते बोट त्याच्या डोळ्यांपुढे आलं. दर वेळी आईनं आपणहून बोट पुढे केलं होतं.

तो खाली उतरला आणि कव्हर काढलं. मागोमाग अक्का उतरल्या, आणि जुनी गोधडी घेऊन वृषाली. "पायऱ्यांखाली अंथरा. ओरखडे नाही पडणार."

त्यानं गोधडी घेतली, हौद्याकडे पाहिलं, आणि दार उघडून ती पुढच्या सीटवर नीट अंथरली. "अक्का, बसा. रस्ता तुम्ही दाखवायचा."

मग काही आठवून तो पुन्हा वर गेला. चपला त्यानं जिन्यातच काढल्या. देवघरातून माळेचे मणी सरकल्याचा बारीक आवाज येत होता. ओट्यावरचा डबा त्यानं दोन्ही हातांनी, झाकण वाजू न देता उघडला, गुळाचा एक खडा कागदात बांधला आणि तसाच पावलं न वाजवता खाली आला.

परतल्यावर आईच्या हातावर ठेवायचा तो खडा त्यानं गाडीतल्या गणपतीसमोर ठेवला, आणि हॉर्न न देता गाडी साक्री रस्त्याला काढली.