उद्याचं ब्रेक ऑइल

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण ब्रेक ऑइल प्लॅस्टिकच्या बंद डब्यातसुद्धा हवेतली ओल पितं," खोक्यावर बसल्या जागी चुळबुळत बाबा म्हणाले. गॅरेज त्यांचं, गाडी लेकीची. ती निघाली तशी त्यांनीच घाईघाईने गाडीतलं जुनं ऑइल काढून टाकलं होतं. "आणि हा डबा तर दोन वर्षं पडून आहे. हे घालून तुला घाट उतरू देऊ? नवं मिळेल ते उद्याच."

"ओल पितं हे खरं, तुम्हीच शिकवलंत. पण बाबा, जरा उठा बरं."

बाबा काही उठेनात.

"नव्या डब्यांचं अख्खं खोकं बुडाखाली घेऊन थापा मारताय. नुसतं 'राहा' म्हणाला असता, तरी राहिले असते."